नाव, मासिक आणि नर्मदाकाठचा वाचक

नाव कशी बांधावी, कशी हाकावी आणि कोणती घ्यावी हे छापून सांगणाऱ्या मासिकांना आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. अमेरिकेत १८९१ मध्ये 'द रडर' निघाले. ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये 'यॉटिंग वर्ल्ड', १९०४ मध्ये 'मोटर बोट' आणि १९०६ मध्ये 'यॉटिंग मंथली' सुरू झाले. आज हवामान, भरती-ओहोटीच्या वेळा, जुन्या बोटींचे भाव, इंजिन दुरुस्तीचे धडे हे सारे मोबाइलवर आणि बहुतेक फुकट मिळते. मग या मासिकांकडे वाचकासाठी काही काम उरले आहे का? समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या धार-देवासमध्ये हा प्रश्न कोणी विचारला, तर ऐकणारा हसेल. पण नावेविषयी लिहून ठेवण्याची भारतातली सर्वांत नावाजलेली खटपट धारच्याच नावावर जमा आहे, आणि छापील शब्दाने नावाड्याला काय देता येते व काय देता येत नाही, हे तिथूनच नीट उमगते.

परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारला राज्य करत होता. त्याच्या नावावर जे अनेक संस्कृत ग्रंथ आहेत, त्यांत 'युक्तिकल्पतरू' हा एक आहे. तो खरोखर त्यानेच रचला की त्याच्या नावाखाली पुढे कोणी संकलित केला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. राजाला उपयोगी अशा नाना विषयांच्या या ग्रंथात नौकांवर एक प्रकरण आहे. इतिहासकार राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ च्या 'इंडियन शिपिंग' या पुस्तकात त्याचा सविस्तर परिचय करून दिला आणि त्यानंतर भारतीय नौकानयनावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने त्याचा आधार घेतला.

प्रकरणाची मांडणी एखाद्या दक्ष संपादकाने करावी तशी आहे. आधी लाकूड: हलके आणि मऊ, हलके आणि कठीण, जड आणि मऊ, जड आणि कठीण असे चार वर्ग, आणि त्यांना चार वर्णांची नावे. हलक्या, कठीण लाकडाची नाव उत्तम, आणि दोन जातींचे लाकूड एकत्र करून बांधलेली नाव टिकत नाही, ती पाण्यात कुजते, असा निर्वाळा. मग नावांचे दोन मुख्य भेद. सामान्य म्हणजे नदीत चालणारी आणि विशेष म्हणजे समुद्रावर जाणारी. सामान्य नावेचे दहा प्रकार, प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची हातांत दिलेली. त्यानंतर सजावट. चार डोलकाठ्यांची नाव पांढरी रंगवावी, तीन डोलकाठ्यांची तांबडी, दोनांची पिवळी, एकीची निळी. नाळेला सिंह, हत्ती, वाघ, नाग, बेडूक अशी मुखे असावीत. शेवटी खोल्या: नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोली असेल तर तिच्यातून राजाचा खजिना, घोडे आणि स्त्रिया न्याव्यात. मध्यभागी खोली असलेली नाव पावसाळ्यातल्या विहाराला. पुढे खोली असलेली नाव लांबच्या प्रवासाला आणि लढाईला.

वाचायला हे सारे मोठे रसाळ आहे. पण मापे जरा तपासून पाहावीत. सर्वांत लहान 'क्षुद्रा' नाव १६ हात लांब, ४ हात रुंद, ४ हात उंच आहे. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर ही २४ फुटांची, सहा फूट रुंदीची नाव झाली. उंची थोडी जास्त वाटते, पण असली नाव नदीत चालू शकेल. सर्वांत मोठी 'मंथरा' मात्र १२० हात लांब, ६० रुंद आणि ६० उंच. म्हणजे १८० फूट लांब आणि ९० फूट उंच, आठ-नऊ मजली इमारतीएवढी नदीतली नाव. नर्मदेच्या कोणत्याही घाटावरच्या सुताराने हे ऐकून मान हलवली असती. हे कोष्टक नावेच्या गोदीत तयार झालेले वाटत नाही. ते लिहिणाऱ्याच्या बैठकीत, आकड्याला आकडा जुळवून तयार झालेले वाटते. ग्रंथ स्वतःच भीमा, भया आणि गर्भरा या तीन प्रकारांना अशुभ म्हणतो. अशा नावा पाण्यात तोल सांभाळत नसाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. ग्रंथकार मात्र 'अशुभ' एवढेच सांगून पुढे जातो.

आणखी एक विधान याहून प्रसिद्ध आहे. समुद्रावर जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातले लोहचुंबकाचे खडक अशा नावेला ओढून घेतात. सल्ला व्यवहाराला धरून आहे. हिंदी महासागरातल्या नावा शतकानुशतके काथ्याच्या दोरीने शिवून बांधल्या जात. शिवलेली नाव लवचीक असते, वाळूवर आपटली तरी सहसा फुटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते. कारण मात्र चुकीचे आहे. असे चुंबकी खडक कोणत्याही समुद्रात नाहीत. तरीही ते वाक्य पोथीत तसेच राहिले, कारण पोथीला उलट टपाली उत्तर पाठवण्याची सोय नव्हती. समुद्रावरून परतलेला एखादा तांडेल धारच्या दरबारात येऊन "महाराज, असा खडक कुठे भेटला नाही" असे म्हणाला असेलही. पण त्याचे म्हणणे पुढच्या प्रतीत शिरले नाही.

मासिकाने नेमकी ही उणीव भरून काढली. छापलेल्या मजकुराखाली लेखकाचे नाव असते, पुढच्या महिन्यात वाचकांची पत्रे असतात, आणि चुकीचे माप दिले तर कोणीतरी लाकूड वाया घालवून त्याचा जाब विचारतो. 'द रडर'चा संपादक टॉमस फ्लेमिंग डे हा नुसता लिहिणारा नव्हता. लहान नावेतून सामान्य माणूस समुद्रावर जाऊ शकतो हे त्याचे आवडते मत होते. 'सी बर्ड' नावाच्या २६ फुटी नावेचा आराखडा त्याच्या मासिकाने वाचकांपुढे ठेवला, आणि १९११ मध्ये तो स्वतः त्या नावेतून दोन सोबत्यांना घेऊन अटलांटिक ओलांडून गेला. आपण छापलेल्या नकाशावर आपलाच जीव टांगायचा, यापेक्षा कडक मुद्रितशोधन नाही. जोशुआ स्लोकम एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. तो १८९८ मध्ये परतला, आणि त्याचे प्रवासवर्णन पुस्तक होण्यापूर्वी 'द सेंच्युरी' या मासिकातून क्रमशः आले. त्या काळी समुद्रावरची हकीकत मासिकातून वाचायची, ही वाचकांची सवयच होती.

नावेचा आराखडा हे या मासिकांचे सर्वांत मोलाचे अंग. नाव घरासारखी सरळ रेषांत मावत नाही. तिचे अंग पुढून मागे आणि वरून खाली सतत वळत असते. म्हणून आराखडाकार तिचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतो आणि प्रत्येक छेदावर मधल्या रेषेपासून किती बाहेर, तळापासून किती वर, याचे कोष्टक देतो. बांधणारा ते आकडे जमिनीवर पूर्ण आकारात उतरवतो, त्यावर लवचीक पट्टी वाकवतो, आणि एखादा आकडा चुकला असेल तर पट्टी तिथे फुगते किंवा दबते. डोळ्याला ते लगेच कळते. हे कोष्टक छापताना एक अंक चुकला तरी वाचकाची फळी चुकीची कापली जाते. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९७४ मध्ये 'वुडनबोट' निघाले, तेव्हा फायबरग्लासने बाजार काबीज केला होता आणि लाकडी नावेचे सुतार म्हातारे होत चालले होते. त्या मासिकाने सुतारांच्या हातातले ज्ञान आराखडे, छायाचित्रे आणि पायरीपायरीच्या लेखांतून कागदावर आणले आणि एका मरू घातलेल्या कसबाला नवे शिकाऊ मिळवून दिले. हे काम कोणत्याही एका पुस्तकाने झाले नसते. त्यासाठी दर दोन महिन्यांनी पुन्हा भेटणारा लेखक आणि प्रश्न विचारणारा वाचक लागला.

चांगला आराखडा हाती असला तर नवखाही काय करू शकतो, याचे उदाहरण मराठी वाचकाला गोव्यात सापडते. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने नौदलाने 'सागर परिक्रमा' हाती घेतली. त्यासाठीची 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, डच आराखड्यावरून बांधली गेली. असली नौका तिथे आधी बांधली गेली नव्हती. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने, चार थांबे घेत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. याच्या अगदी उलट काम 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाच्या वेळी पडले. तेही गोव्यात बांधले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. तिथे आराखडाच नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या एका चित्रावरून आकार ठरवावा लागला, त्याची प्रतिकृती मद्रास आयआयटीत पाण्यात तपासावी लागली, आणि शिवणकामासाठी केरळचे पारंपरिक कारागीर आणावे लागले. नावा होत्या, सुतार होते, ग्रंथही होते. पण नाव बांधता येईल इतक्या तपशिलाने कोणी लिहून ठेवले नव्हते.

मासिकांचे दुसरे मोठे काम म्हणजे चाचणी. 'यॉटिंग मंथली'ने २०११ च्या सुमारास एक जुनी, ४० फुटी शिडाची नौका मिळवली आणि महिन्यामागून महिना तिच्यावर एकेक संकट ओढवून घेतले. तिला मुद्दाम वाळूत रुतवले. क्रेनने पाण्यात पूर्ण उलटी केली. डोलकाठी पाडली आणि उरलेल्या सामानातून तात्पुरते शीड उभारता येते का ते पाहिले. तळाला भोक पाडून हाताशी असलेल्या वस्तूंनी पाणी थोपवता येते का हे तपासले, आत आग लावून विझवली, आणि शेवटी स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीने काय होते हे दाखवण्यासाठी स्फोट घडवून आणला. सुरक्षिततेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे एकमेकांवरून उतरवलेल्या सल्ल्यांपैकी कोणता खरा उतरतो, हे त्यातून डोळ्यांनी दिसले. एका हौशी माणसाला हे परवडणारे नाही. त्यासाठी पैसा, माणसे, विमा आणि कोणीतरी संपादकीय जबाबदारी घेणारे लागते. गंमत अशी की या प्रयोगांच्या चित्रफिती इंटरनेटवर आल्या आणि मासिकाचे तोंडही न पाहिलेल्या लोकांनी त्या पाहिल्या. प्रयोग मासिकाचा, प्रेक्षक इंटरनेटचे.

आता इंटरनेटने काय नेले ते पाहायचे, तर सर्वांत आधी मागची पाने गेली. बोटींच्या मासिकांचा शेवटचा तिसरा हिस्सा जुन्या बोटी, इंजिने, शिडे आणि नांगर विकण्याच्या छोट्या जाहिरातींनी भरलेला असे, आणि पुष्कळ वाचक मासिक शेवटच्या पानापासूनच उघडत. या जाहिराती वेबसाइटवर गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर चांगल्या लेखांचा खर्च भागवणारा पैसाही गेला. शर्यतींचे निकाल, हवामान, भरतीची कोष्टके, नव्या बोटींच्या बातम्या यांत मासिकाने इंटरनेटशी टक्कर घेण्यात अर्थच नव्हता. महिनाभर जुने हवामान कोणाला हवे? जी मासिके याच मालावर उभी होती, ती गळपटली. हा तोटा वाचकाचा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मात्र मासिके बुडण्याचे सारे खापर इंटरनेटवर फोडणेही बरोबर नाही. 'द रडर' १९७० च्या दशकातच संपले. मराठीत 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले, तेव्हा घरोघरी संगणक सोडाच, दूरदर्शनसुद्धा सगळीकडे पोहोचले नव्हते. मासिके संपादक थकल्याने, मालक कंटाळल्याने, कागद महागल्याने बंद पडत आली आहेत. आणि जाहिरातदाराच्या मिंधेपणाने काही मासिके बंद न पडताही मेलेली असतात. ज्या कंपनीच्या बोटीचे पूर्ण पान रंगीत छापायचे, तिच्या बोटीला परीक्षणात वाईट म्हणायचे कसे, हा पेच जुना आहे. १९७४ मध्ये निघालेल्या 'प्रॅक्टिकल सेलर'ने त्यावर जाहिरातीच घ्यायच्या नाहीत, असा तोडगा काढला आणि सगळा खर्च वर्गणीदारांवर टाकला. इंटरनेटवर बोटीची परीक्षणे करणारे बहुतेकजण आज त्याच जुन्या पेचात आहेत. फरक इतकाच की पूर्ण पानाच्या जाहिरातीऐवजी फुकट मिळालेले इंजिन असते.

काही गोष्टी इंटरनेट मासिकापेक्षा निर्विवाद चांगल्या शिकवते. गाठ मारणे ही त्यातली पहिली. छापील चित्रांवरून दोरीची गाठ शिकलेला माणूस पहिल्या दहा वेळा ती उलटीच मारतो, तर चित्रफीत पाहून पाच मिनिटांत जमते. इंजिन नीट चालत नसल्याचा आवाज कसा असतो, हे कोणत्याही लेखाला सांगता येत नाही. 'टॅली हो' ही १९१० ची ब्रिटिश नौका एका तरुण सुताराने २०१७ पासून जवळजवळ नव्याने बांधली आणि त्याचा प्रत्येक टप्पा चित्रित करून जगाला दाखवला. लाकडी नावेची बांधणी इतक्या लोकांनी याआधी कधी पाहिली नसेल. जुनी मासिकेही इंटरनेटनेच सर्वांपर्यंत आणली. 'द रडर'चे शंभर वर्षांपूर्वीचे अंक आणि मुखर्जींचे पुस्तक आज देवासच्या विद्यार्थ्याला घरबसल्या पानन् पान वाचता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई-कलकत्त्याच्या ग्रंथालयात खेटे घालावे लागले असते. इंटरनेटची उणीव आहे ती क्रमाची. चित्रफीत जे शोधले त्याचे उत्तर देते. ज्याला काय शोधायचे हेच ठाऊक नाही, त्याला ती काही सांगत नाही. मासिकाचा अंक चाळताना माणूस आपण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाचून जातो, आणि पाण्यावर जीव वाचवणारे ज्ञान बहुधा तेच असते.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या एकाच गावात नांदत होत्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी मराठी वाचणारी घराणी राहिली. त्यांची मासिके पुण्या-मुंबईहून टपालाने येत. विसाव्या शतकात धार शहराला रेल्वे पोहोचलीच नाही, त्यामुळे रेल्वे स्टेशनच्या पुस्तकांच्या गाड्यावर एखादे परदेशी मासिक सहज हाती लागण्याचा योगही तिथे नव्हता. नौकांना वाहिलेले नियतकालिक मराठीत रुजलेच नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे खबरपत्र म्हणून निघालेले 'किर्लोस्कर' मोठे मासिक झाले, विज्ञानाला वाहिलेले 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून चालत आले, संदीप पाटील यांच्या संपादनाखाली क्रिकेटला 'एकच षटकार' मिळाले. पण सातशे किलोमीटरच्या किनाऱ्याच्या भाषेत तांडेलासाठी किंवा हौशी नाविकासाठी असे मासिक रुजले नाही. देवासला १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे, नोटांची शाईसुद्धा तिथेच बनते. देशातली सर्वांत काटेकोर छपाई होणाऱ्या गावी नावेवरचे एक पान छापले जाऊ नये, यात दोष छापखान्याचा नाही. वर्गणी भरून असे मासिक घेणारे लोक तिथे कधी एकत्र आलेच नाहीत.

तरी नावा आहेत. धार जिल्ह्याची दक्षिण सीमा नर्मदेने आखली आहे. धरमपुरी, खलघाट ही गावे तिच्या काठी. देवास जिल्ह्याच्या टोकाला नेमावर, समोर हंडिया, आणि दोघांच्या मध्ये भाविक ज्याला नर्मदेची नाभी मानतात ते ठिकाण. पूल होण्याआधी इथली सारी ये-जा तरीने होई. केवट आणि कहारांच्या हाती वल्हे आणि बांबू असत. आता अनेक नावांना शेतीपंपाच्या जातीचे डिझेल इंजिन बसवलेले दिसते. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा धार जिल्ह्यातले निसरपूर आणि चिखल्दा पाण्याखाली गेले. जिथे काल मोटारसायकल जात होती तिथे नाव आली. नदीला पिढ्यान् पिढ्या ओळखणारा केवट वेगळा आणि जलाशयावर नव्याने नाव घेणारा शेतकरी वेगळा. वाहत्या नदीचे शहाणपण अथांग, स्थिर पाण्यावर, पावसाळी वाऱ्याने उठलेल्या लाटांत पुरेसे पडत नाही. शेजारच्या महेश्वरला सहस्रधारेच्या खळाळात २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धांच्या कनू स्लालमच्या शर्यती झाल्या, म्हणजे खेळ म्हणून नाव हाकणारी पिढीही या परिसरात तयार होते आहे.

या तिघांना एखाद्या नौका मासिकाकडून मिळण्यासारखे काय आहे, हे जीवरक्षक जाकिटाच्या एका उदाहरणावरून कळेल. घाटावरच्या प्रवासी नावेत केशरी रंगाची जाकिटे टांगलेली असतात आणि पाहणाऱ्याला ती सारी एकसारखीच वाटतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मात्र त्यांच्या उचल-शक्तीच्या पायऱ्या आहेत: ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन. ५० न्यूटनचे जाकीट हे पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असतानाचे साधन आहे. शुद्ध हरपलेला माणूस पालथा पडला तर ते त्याला उताणा करत नाही. ते काम १०० न्यूटन आणि त्यावरच्या जाकिटाचे, आणि तेही नीट आवळून बांधले असेल तर. सैल बांधलेले जाकीट पाण्यात पडताच कानांपर्यंत वर सरकते आणि माणूस त्याच्या खाली राहतो. ही माहिती इंटरनेटवर नाही असे नाही. पण ती शोधायला आधी 'न्यूटन' हा शब्द ठाऊक असावा लागतो, आणि तो नसलेल्या माणसाला पहिल्या पानावर जाकीट विकणाऱ्या दुकानांची यादी मिळते.

नावेत किती माणसे बसवावीत, याचेही तसेच. भरलेल्या नावेची पाण्याच्या वर उरलेली कड हातभर असेल तर लाट आत येत नाही. ती चार बोटे उरली की एका बाजूला चार माणसे फोटो काढायला सरकली तरी कड पाण्याखाली जाते. माणसे उभी राहिली की वजन वर जाते आणि नाव आणखी डुचमळते. नावाडी हे अंगाने जाणतो. प्रवाशाला मात्र हे कोणी सांगितलेले नसते, आणि जादा प्रवासी घ्यायचा दबाव प्रवाशाकडूनच येतो. म्हणजे नावेवरच्या मजकुराचा खरा गरजू वाचक पुष्कळदा नाव नसलेलाच माणूस असतो. परदेशी मासिकांनीही याचा विचार फारसा केला नाही. ती मुख्यतः बोटीच्या मालकाशीच बोलत आली.

नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्या मराठी माणसांची गोष्ट आणखी वेगळी. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून धार-देवासच्या नावा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. पण मुखाशी दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला खाडीतून, समुद्राच्या तोंडातून नावेने जावेच लागते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, आणि ती वेळ रोज बदलते. परिक्रमेवरच्या मराठी पुस्तकांची संख्या मोठी आहे, त्यात या प्रवासाची वर्णनेही आहेत. पण नाव आज केव्हा सुटणार हे कोणतेच पुस्तक सांगू शकत नाही, आणि मासिकही नाही. ते व्हॉट्सअॅपवरच कळते. उलट, मध्यरात्री चिखलातून नावेपर्यंत जाताना सामान कसे बांधावे आणि लाटांत कुठे बसावे, हे अनुभवी माणसाने एकदा नीट लिहिले तर पुढची वीस वर्षे कामाला येते. ताज्या आणि टिकाऊ माहितीची ही फारकत ज्या नौका मासिकांनी वेळीच ओळखली ती तगली. त्यांनी बातम्या वेबवर सोडल्या आणि कागदावर आराखडे, चाचण्या व दीर्घ प्रवासवर्णने ठेवली. 'वुडनबोट' आजही कागदावर निघते. 'प्रॅक्टिकल बोट ओनर' १९६७ पासून स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्या सामान्य बोटमालकासाठी चालले आहे, आणि त्याचे बळ अजूनही वाचकांनी पाठवलेल्या छोट्या युक्त्यांत आहे.

धार-देवासच्या नावांपुढे सध्या एक नवाच विषय आहे. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून २०२१ मध्ये देशांतर्गत जलयान कायदा आला. इंजिनावर चालणाऱ्या नद्या-तलावांतल्या नावांची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता आणि विमा यांची एकसारखी चौकट त्याने घातली, आणि वल्ह्या-शिडाच्या नावांची नोंद स्थानिक संस्थांकडे करण्याची तरतूदही केली. कायद्याचा मजकूर इंटरनेटवर कोणालाही मोफत उघडता येतो. पंपाचे इंजिन बसवलेली लाकडी नाव त्यात कोणत्या वर्गात बसते, तपासणीला येणारा माणूस काय पाहील, जाकिटे किती आणि कोणती लागतील, नोंदणीविना नाव चालवली आणि अपघात झाला तर भरपाईचे काय, ही उत्तरे त्या मजकुरातून धरमपुरीच्या नावाड्याला स्वतः काढता येणार नाहीत. ती त्याच्या बोलीत, एखाद्या ओळखीच्या नावेचे चित्र काढून, आठ-दहा पानांत मांडावी लागतील, आणि नियम बदलले की पुन्हा छापावी लागतील.